स्विमिंग पूलच्या पंपाची मोटर नुसती गुणगुणते? आधी कपॅसिटर बघा

स्विच दिल्यावर मोटर नुसती 'हूं...' करते आणि फिरत नाही, म्हणजे ती जळलीच असं नाही. मेन ब्रेकर पाडा आणि शाफ्ट हाताने फिरवून बघा. अडकत असेल तर इम्पेलरमध्ये (पाणी ढकलणाऱ्या पंख्यात) कचरा तरी आहे किंवा बेअरिंग जाम आहे. मोकळा फिरत असेल, तर संशय कपॅसिटरवर, म्हणजे मोटरला फिरायला जोर देणाऱ्या, वीज साठवणाऱ्या छोट्या डबीवर. फुगलेला किंवा तेल गळणारा कपॅसिटर लगेच ओळखू येतो. पण वरून ठणठणीत दिसणाराही मेलेला असू शकतो, म्हणून मीटरवर तपासा. सप्लाय बंद असला तरी त्यात चार्ज राहतो, तेव्हा हात लावण्याआधी रेझिस्टरने (विजेचा प्रवाह रोखणाऱ्या छोट्या भागाने) तो उतरवून घ्या. नवा घेताना मायक्रोफॅरड (क्षमतेचा आकडा) तोच, व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त.

मोटर चालते पण किंचाळते? बेअरिंग गेलं. त्यामागे बहुतेकदा गळका शाफ्ट सील (पंपातलं पाणी मोटरकडे जाऊ न देणारा भाग) असतो, त्यामुळे पंप उघडलाच आहे तर सीलही बदला. जुनाच परत बसवणं म्हणजे शुद्ध आळस! नव्या सीलच्या गुळगुळीत सिरॅमिक चकतीला बोट लावू नका, तेलकट डागानेही तो पुन्हा गळू शकतो.

सुरू करण्याआधी गाळणीचं भांडं पाण्याने भरा. कोरडा पंप नवा सील जाळून टाकतो.