सेल्फ फिरतो पण इंजिन पकडत नाही? पंप बदलण्याआधी वायर तपासा

पेट्रोल गाडीचा सेल्फ दणदणीत फिरतोय, टाकीत पेट्रोल आहे, पण इंजिन काही पकडत नाही. अशा वेळी गॅरेजमधून हमखास येणारं उत्तर म्हणजे ‘पंप गेला’. मग मागची सीट निघते, टाकीतला पंप निघतो, नवा बसतो, काही हजारांचं बिल होतं आणि पंधरा दिवसांत गाडी पुन्हा तशीच उभी राहते. कारण पंप गेलेलाच नसतो. त्याच्यापर्यंत पोहोचायला हवा तो करंट वाटेतच कुठेतरी अडलेला असतो. कधी जळक्या रिलेत (पंपाचा करंट चालू-बंद करणारा स्विच), कधी सैल कपलरमध्ये (वायरींचा प्लग), कधी गंजलेल्या अर्थिंगमध्ये (करंट बॉडीतून बॅटरीकडे परत नेणारा जोड). नवा पंप बसवताना कपलर काढून परत लावला की आतल्या पिना घासल्या जातात, तात्पुरता कॉन्टॅक्ट मिळतो, गाडी चार दिवस चालते आणि सगळ्यांची खात्री पटते की दोष पंपातच होता.

इथे सांगतोय ते टाकीत इलेक्ट्रिक पंप असलेल्या साध्या एमपीएफआय (इंजेक्टरनं पेट्रोल फवारणाऱ्या) पेट्रोल गाड्यांबद्दल. डिझेलला हे लावू नका. ज्या नव्या गाड्यांत पंपाचा वेग वेगळं कंट्रोल मॉड्यूल ठरवतं, तिथेही पुढे दिलेली रिले डायरेक्ट करण्याची (रिले काढून त्या जागी वायर जोडण्याची) पद्धत वापरू नका.

आधी चावी फिरवून काय कळतं ते बघा

चावी ऑन करा, सेल्फ मारू नका. डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा लागलाच पाहिजे. तो लागत नसेल तर ईसीयूलाच, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरलाच, सप्लाय नाही. मेन रिले आणि ईसीयूचा फ्यूज बघा, पंपाकडे जाऊच नका. इमोबिलायझरचा (चोरीची चावी ओळखून इंजिन अडवणाऱ्या यंत्रणेचा) दिवा फडफडत राहिला तर दुसरी चावी लावून बघा. फोर्ड आणि फियाटच्या काही गाड्यांत धक्का बसल्यावर पंप बंद करणारा इनर्शिया स्विच असतो. मोठ्या खड्ड्यात आदळल्यानंतर किंवा मागून ठोकर बसल्यानंतर गाडी बंद पडली असेल, तर त्याचं बटण दाबून बघा. त्याआधी गाडीखाली पेट्रोल गळत नाही ना, याची खात्री करा.

आता ऐका. चावी ऑन केल्यावर ईसीयू पंपाला साधारण दोन सेकंद सप्लाय देतो आणि सेल्फ मारला नाही तर बंद करतो. मागच्या सीटपाशी कान लावला की बारीक ‘ऊंऽऽ’ असा आवाज यायला हवा. आवाज येतो, पण सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जागचा हलत नाही, असं असेल तर संशय क्रँक सेन्सरवर घ्या. इंजिन फिरतंय हे ईसीयूला कळलं नाही तर तो पंप चालू ठेवतच नाही. आवाज अजिबात येत नसेल किंवा नेहमीपेक्षा मरगळलेला येत असेल, तर पुढे वाचा.

एकानं सेल्फ मारावा, दुसऱ्यानं टाकीच्या तळाला मुठीनं दोन-तीन ठोके द्यावेत. इंजिन पकडलं तर मोटरचे ब्रश झिजलेत, पंपच बदला. बाकीच्यांनी मीटर (मल्टिमीटर) काढा.

बॅटरी, फ्यूज, रिले

बॅटरी पूर्ण चार्ज हवी, उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास. सेल्फ मारताना ती १० च्या बरीच खाली जात असेल तर आधी बॅटरीचं बघा.

फ्यूज डोळ्यांनी बघून ‘चांगला आहे’ म्हणू नका. त्याच्या डोक्यावर दोन उघडे बिंदू असतात, तिथे चावी ऑन ठेवून दोन्हीकडे व्होल्टेज मोजा. फ्यूज उडालेला असेल आणि नवाही उडत असेल तर वायर कुठेतरी बॉडीला टेकतेय. १५ च्या जागी ३० अँपिअरचा फ्यूज घालणं म्हणजे गाडीला आग लावायची तयारी करणं आहे.

रिलेचा ‘टक’ आवाज आला म्हणजे रिले चांगला, हा समज सोडा. तो आवाज फक्त कॉइलचा. आतले कॉन्टॅक्ट काळे पडलेले असले तरी टक होतोच. त्याच नंबरचा हॉर्नचा रिले असेल तर अदलाबदल करून बघा, मिनिटाभरात निकाल लागतो.

रिलेच्या सॉकेटमधून पंप चालवून बघा

रिले काढा. अंगावर ३०, ८७, ८५, ८६ असे आकडे असतील तर काम सोपं. नसतील तर मीटर ओहमवर लावून रिलेच्या पायांमध्ये मोजा. ज्या दोन पायांत पन्नास ते सव्वाशेच्या दरम्यान ओहम दिसतात ती कॉइल, म्हणजे ८५ आणि ८६. उरलेले दोन म्हणजे ३० आणि ८७. ३० मध्ये येणारा सप्लाय, ८७ मधून पंपाकडे जाणारा. ३० वर बारा व्होल्ट आहेत का बघा. काही गाड्यांत ते चावी ऑन केल्यावरच येतात. तिथे सप्लाय नसेल तर पंपाकडची वायर तपासण्यात अर्थ नाही, मेन रिलेकडे मागे जा.

मग १५ अँपिअरचा फ्यूज मध्ये घातलेल्या जाड वायरीनं सॉकेटमधले ३० आणि ८७ जोडा. पंप व्यवस्थित चालला आणि गाडी चालू झाली तर दोष रिलेत किंवा त्याला मिळणाऱ्या हुकमात आहे. ८५ आणि ८६ च्या भोकांना वायर लावू नका. तिथे ईसीयूचा ट्रान्झिस्टर असतो. चुकीची वायर लागली तर पंपाच्या कितीतरी पट महाग वस्तू हातातून जाईल.

त्याच जागी जोडणाऱ्या वायरीऐवजी मीटर १० अँपिअरवर लावला तर पंप किती करंट ओढतोय तेही कळतं. छोट्या गाडीत साधारण चार ते सात अँपिअर दिसायला हवेत. शून्य दिसलं तर वाट तुटलीय. दीड-दोन दिसले तर वाटेत अडथळा आहे. दहाच्या पुढे जात असेल तर पंप जाम आहे, लगेच काढा. स्वस्तातल्या मीटरवर हे काम काही सेकंदांतच आटपा आणि लाल पिन लगेच परत व्होल्टच्या भोकात घाला. ती १० अँपिअरच्या भोकात राहिली आणि तुम्ही बॅटरीवर व्होल्टेज मोजायला गेलात तर सरळ शॉर्ट होईल.

खरी मेख: कपलरवर बारा व्होल्ट, तरी पंप मुका

या टप्प्यावर मीही बरेच दिवस अडकत होतो. अजूनही चांगले वायरमन इथेच फसतात. सीट उचलली, पंपाचा कपलर काढला, मीटर लावला, १२.४ व्होल्ट आले. ‘सप्लाय तर पूर्ण येतोय, म्हणजे पंपच गेला.’ हा निष्कर्ष चूक आहे.

मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही. वायरीच्या सगळ्या तारा तुटून एकच केसाएवढी तार शिल्लक राहिली असेल तरी मीटर बारा व्होल्टच दाखवणार. पाण्याच्या पाइपाला शेवटी गेज लावून नळ बंद ठेवला तर पाइप अर्धा तुंबलेला असला तरी प्रेशर पूर्ण दिसतं, तसंच हे आहे. नळ उघडल्यावर काय होतं ते बघायचं. जोडात नुसता अर्धा ओहम अडथळा असेल आणि त्यातून पाच अँपिअर जाऊ पाहत असतील, तर अडीच व्होल्ट तिथेच गळतात. पंपाला उरतात साडेनऊ-दहा. सेल्फ फिरताना बॅटरी आधीच खाली आलेली असते, मग पंपाच्या वाट्याला सात-आठ येतात. पंप कण्हतो, प्रेशर बनत नाही, इंजिन पकडत नाही. एलईडीचा टेस्टरही याच कारणासाठी इथे कुचकामी आहे.

म्हणून व्होल्टेज लोडवरच मोजा. माझं हत्यार म्हणजे हेडलाइटचा जुना एच-फोर बल्ब. ६० वॉटचं फिलामेंट पाच अँपिअरच्या जवळपास ओढतं, म्हणजे जवळजवळ पंपाएवढंच. बल्बला दोन लांब वायरी लावा आणि तो गाडीबाहेर, फरशीवर ठेवा. हॅलोजन बल्ब भयंकर तापतो आणि तुम्ही पेट्रोलच्या टाकीपाशी आहात. टाकीवरची फ्लँज (पंपाचं झाकण) बंद असली पाहिजे, चारही दारं उघडी हवीत, आणि पेट्रोलचा वास येत असेल तर ही टेस्ट करूच नका.

पंपाच्या कपलरमध्ये बहुतेक चार वायरी असतात. दोन जाड वायरी पंपाच्या, दोन बारीक वायरी पेट्रोल दाखवणाऱ्या काट्याच्या. पंपापासून कपलर काढा आणि बल्ब त्याच्या फक्त जाड वायरींवर लावा. बारीक वायरींना लावलात तर मीटर कन्सोल गमवाल.

रिलेच्या जागी जोडवायर ठेवा, म्हणजे दोन सेकंदांत सप्लाय जाणार नाही. आता बल्ब पेटलेला असताना कपलरवर मोजा. बल्ब पांढरा झगझगीत आणि व्होल्टेज बॅटरीपेक्षा फार तर पाऊण व्होल्टच कमी असेल, तर वायरिंग निर्दोष आहे, पंप बदलायला हरकत नाही. बल्ब पिवळट, लालसर दिसत असेल आणि आकडा नऊवर किंवा आठवर आला असेल, तर दोष वायरीत आहे आणि पंपाला हातही लावायची गरज नाही.

पुढचं काम म्हणजे व्होल्ट नक्की कुठे गळतात ते शोधणं. त्यासाठी पाच मीटर लवचीक वायरीच्या दोन्ही टोकांना क्लिप लावून ती कायम पेटीत ठेवा, कारण बॅटरी पुढे आणि टाकी मागे असते आणि मीटरच्या वायरी तिथवर पोहोचत नाहीत. आधी अर्थिंग बघा. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं कपलरच्या अर्थिंगच्या जाड पिनेवर, बल्ब पेटलेला. इथे ०.२ व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थिंग खराब. मग पॉझिटिव्ह. एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरं कपलरच्या सप्लायच्या पिनेवर. इथे ०.५ व्होल्टपर्यंत चालतं. जास्त असेल तर दुसरं टोक एकेक पाऊल पुढे सरकवत या: रिलेचं ८७, फ्यूजची अलीकडची बाजू, पलीकडची बाजू. ज्या दोन ठिकाणांच्या मध्ये आकडा एकदम खाली येतो, दोष त्या दोहोंच्या मध्येच आहे.

लोक अर्थिंगची बाजू मोजतच नाहीत, ही माझी मोठी तक्रार आहे. सगळं लक्ष ‘सप्लाय येतोय का’ यावर. आणि दोष तर बहुतेक वेळा अर्थिंगच्या बोल्टखाली बसलेला असतो.

कुठे सापडतं

मागच्या सीटखाली किंवा दाराच्या उंबऱ्याजवळ, कार्पेटखाली बॉडीला जिथे अर्थिंगचा थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) बोल्टनं आवळलेला असतो, ती पहिली जागा. पावसाळ्यात कार्पेट भिजलं की इथे पाणी मुरतं. कोकणातल्या खाऱ्या हवेत तर हे ठरलेलंच. चिपळूणच्या जुलै २०२१ च्या किंवा सांगली-कोल्हापूरच्या २०१९ च्या पुरात बुडालेली गाडी असेल तर लूममधला (वायरींच्या जुडग्यातला) प्रत्येक जोड संशयित समजा. वरून टेप कोरी दिसते. ती सोडली की आत हिरवी भुकटी असते आणि वायर बोटानं ओढली तर हातातच येते.

दुसरी जागा पंपाचा कपलर. प्लास्टिक तपकिरी पडलंय का, भोकात काळेपणा आहे का, पिना ढिल्या झाल्यात का बघा. वितळलेला कपलर घासून वापरू नका. नवी पिगटेल (वायरींच्या तुकड्यांसकट येणारा कपलर) लावा.

तिसरी जागा बाहेरून बसवलेलं सीएनजी किट. काही फिटर पेट्रोल पंपाची वायर कापून तिच्यात वेगळा रिले घालतात आणि जोड नुसता पिळून त्यावर टेप गुंडाळतात. अशा गाड्या चालू पेट्रोलवरच होतात, म्हणून सीएनजी भरलेला असूनही सकाळी गाडी हलत नाही. याच गाड्यांत लोक लिटरभर पेट्रोलवर महिनोन्‌महिने काढतात. पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असताना थंड राहतो. टाकी रिकामी ठेवाल तर पंप खरोखरच जळेल.

आणि उंदीर. बोनेटखाली लेंड्या दिसल्या तर आधी तिथलं लूम तपासा.

दुरुस्ती

बॅटरीची निगेटिव्ह काढा. अर्थिंगचा बोल्ट सोडून रंग आणि गंज धातू दिसेपर्यंत घासा, नवा थिंबल क्रिंप करा (पक्कडीनं दाबून बसवा), आवळा, वर ग्रीस लावा. वायरीचा सडलेला भाग चांगलं तांबं लागेपर्यंत मागे कापा, तेवढ्याच जाडीचा नवा तुकडा नीट क्रिंप किंवा सोल्डर करून हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा.

‘बॅटरीवरून पंपाला डायरेक्ट वायर टाकून देतो, कटकटच नको’ असं कोणी म्हणालं तर गाडी तिथून काढा. इंजिन बंद पडलं की ईसीयू पंप बंद करतो, ते याच कारणासाठी. अपघातात पाइप फुटला आणि पंप डायरेक्ट असेल, तर तो गरम इंजिनावर पेट्रोल ओतत राहील. आत तुमची माणसं बसलेली असतील.

सगळं जोडल्यावर जोडवायर काढून मूळ रिले बसवा. गाडी चालू करा आणि पंप चालत असताना, कपलर न काढता, मागून बारीक पिन घालून दोन्ही बाजू परत मोजा. अर्थिंगकडे ०.२ च्या आत, सप्लायकडे ०.५ च्या आत. तेवढं आलं की कार्पेट पूर्ण वाळवा आणि मगच सीट लावा.