ॲट्रिब्यूट-आधारित एन्क्रिप्शन: किल्ली आहे, तरी फाइल उघडत नाही? या चुका टाळा

समजा, रावेर-यावलकडच्या एका शेतकरी उत्पादक कंपनीने केळीबागांचे माती-अहवाल आणि व्यापाऱ्यांचे दर एकाच सर्व्हरवर ठेवलेत. तपासनीसाला अहवाल दिसावेत, दर नकोत. मग अहवाल लॉक करतानाच 'भूमिका:तपासनीस आणि तालुका:रावेर' अशी अट घालायची. ज्याच्या किल्लीत हे दोन्ही ॲट्रिब्यूट (म्हणजे गुण), त्यालाच फाइल उघडेल. ही सीपी-एबीई पद्धत, म्हणजे ॲट्रिब्यूट-आधारित एन्क्रिप्शनचा (एबीई) अट फाइललाच जोडणारा प्रकार. तिचं गणित सहसा दगा देत नाही, घोळ होतो तो नावांत आणि किल्ल्या वाटण्यात.

फाइल उघडली नाही, तर आधी एकेका ॲट्रिब्यूटची चाचणी-फाइल बनवा. एकच अडली, तर तिथे नाव चुकलंय. एकही उघडत नसेल, तर बहुधा कोणीतरी सेटअप (सुरुवातीला एकदाच करायची किल्ल्यांची मांडणी) दुसऱ्यांदा चालवलाय. त्यातून फाइल लॉक करायची नवी सार्वजनिक किल्ली तयार होते आणि लोकांना वाटलेल्या, फाइल उघडायच्या जुन्या खाजगी किल्ल्या तिच्याशी जुळत नाहीत. सुट्या सगळ्या उघडतात, पण 'आणि' लावलं की अडतं? मग पुढचं वाचा.

किल्ली हप्त्याने देणे

आज भूमिकेची किल्ली दिली, आठवड्याने तालुक्याची. माणूस एकच असला, तरी या दोन किल्ल्या एकत्र चालत नाहीत. प्रत्येक किल्लीत नवा यादृच्छिक आकडा मिसळलेला असतो, आणि तो मुद्दाम. नाहीतर यावलचा तपासनीस आणि रावेरचा व्यापारी किल्ल्या जोडून रावेरच्या तपासनीसाची फाइल उघडतील. म्हणून ॲट्रिब्यूट वाढला की सगळे घालून अख्खी किल्ली नव्याने बनवा.

ॲट्रिब्यूटचं नाव मराठीत टाइप करणे

'शेतकऱ्यांचा गट' यातला ऱ्य दोन तऱ्हांनी टाइप होतो: कोणी थेट ऱ वापरतं, कोणाचा कीबोर्ड र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह टाकतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण हॅश (नावावरून संगणकाने काढलेला आकडा) वेगळा निघतो. अक्षरं एकसारखी करणारं युनिकोडचं एनएफसी लावूनही झेडडब्ल्यूजे जात नाही. शेवटची स्पेस हाही तसलाच छुपा चोर. तालुक्याला, गटाला आकडी कोड द्या. मराठी नाव फक्त दाखवण्यापुरतं वेगळ्या तक्त्यात ठेवा.

काम सोडलेल्याची किल्ली

दिलेली किल्ली परत घेता येत नाही. 'महिना:२०२५-०७' असा ॲट्रिब्यूट अटीत घालून दरमहा नव्या किल्ल्या द्या. पण हे फक्त नव्या फाइलींना लागू. जुन्या फाइली नव्या डेटा-किल्लीने (जिने फाइल प्रत्यक्ष लॉक होते, तिने) पुन्हा लॉक कराव्या लागतात. त्याने आधीच उतरवून घेतलेल्या प्रतींवर इलाज नाही.

बाकीच्या

अख्खी फाइल एबीईने लॉक करू नका. फाइल एईएस-२५६-जीसीएम या नेहमीच्या एन्क्रिप्शनने, आणि तिची ३२ बाइटची किल्ली तेवढी एबीईने. 'व्यापारी सोडून सगळे' अशी नकारार्थी अट साध्या योजनांत चालत नाही. 'आणि', 'किंवा' एकत्र आले की कंस हवेतच. बहुतेक योजनांत अट उघडी दिसते, तेव्हा तिच्यात कोणाचं नाव घालू नका. मास्टर किल्ली ज्याच्या हाती, त्याला हवी ती किल्ली बनवता येते. ती फाइलींच्या सर्व्हरवर ठेवणं म्हणजे सगळी अटबाजी फुकट.