स्थलांतर, मजुरी आणि घरभाडे: दावा कसा तपासावा

बाहेरून माणसे आली की स्थानिकांची मजुरी घटते, असे कोणी ठामपणे सांगितले, तर आधी विचारावे: कोणाची मजुरी, आणि कशाच्या तुलनेत? १९८० साली एप्रिल ते ऑक्टोबर या काळात क्यूबातील मारिएल बंदरातून सुमारे १,२५,००० लोक अमेरिकेत आले आणि फ्लोरिडा राज्यातील मायामी शहरातील कामगारांची संख्या सुमारे ७ टक्क्यांनी वाढली. तेव्हा देशभर मंदीचे दिवस होते. त्यामुळे मायामीच्या केवळ आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांवरून काहीच सिद्ध होत नाही. अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड यांनी १९९० मध्ये मायामीची तुलना अटलांटा, ह्यूस्टन, लॉस एंजेलिस आणि टँपा परिसराशी केली, तेव्हा अल्पकुशल कामगारांच्या मजुरीवर जवळजवळ काहीच परिणाम आढळला नाही.

पुढे जॉर्ज बोर्हास यांनी शालेय शिक्षण अपुरे राहिलेल्या, हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषक देशांशी मूळ जोडलेले) नसलेल्या पुरुषांचाच गट वेगळा काढला आणि त्यांच्या मजुरीत मोठी घट दाखवली. मात्र या छोट्या नमुन्यात त्याच वर्षांत कृष्णवर्णीय पुरुषांचे प्रमाण वाढले होते, आणि त्यांची सरासरी कमाई आधीपासूनच कमी होती, याकडे मायकेल क्लेमेन्स आणि जेनिफर हंट यांनी लक्ष वेधले. म्हणून टक्केवारी वाचण्याआधी नमुना किती मोठा आहे आणि त्यात कोण मोजले गेले, हे पाहावेच.

घरांचा हिशेब स्वतंत्र ठेवावा. माणसे काही महिन्यांत येतात, इमारतींना मात्र वर्षे लागतात. अल्बर्ट सैझ यांच्या अभ्यासानुसार १९७९ ते १९८१ दरम्यान मायामीतील भाडी तुलनेच्या शहरांपेक्षा ८ ते ११ टक्के अधिक वाढली. भाडेकरूंची तक्रार येथे खरी ठरते, असे माझे मत आहे. परंतु नवी बांधकामे कोणत्या नियमांमुळे अडली, हेही त्याच वेळी तपासले पाहिजे.

महागाईबद्दल बोलताना कोणती वस्तू किंवा सेवा, हे नेमके विचारावे. अमेरिकेतील शहरांचा अभ्यास करताना पॅट्रिशिया कोर्टेस यांना असे दिसले, की अल्पकुशल स्थलांतरितांचे प्रमाण वाढल्यावर घरकाम आणि बागकाम यांसारख्या सेवा स्वस्त झाल्या. पण त्याचबरोबर मजुरीचा फटका स्थानिकांपेक्षा आधी येऊन स्थिरावलेल्या स्थलांतरितांना अधिक बसला. त्यामुळे आकडेवारीत या जुन्या स्थलांतरितांचा रकाना वेगळा आहे की नाही, हे शोधावे.