क्रीडा वार्ताहराचा वर्षाचा आढावा : या चुका टाळा

डिसेंबर उजाडला की जिल्ह्यातील प्रत्येक क्रीडा वार्ताहराला कार्यालयातून तोच निरोप येतो : वर्षभरातील क्रीडा घडामोडींचा आढावा हवा, अर्धे पान, लवकर द्या. कोल्हापुरात हे काम वरवर सोपे वाटते, कारण तालमी, पेठांतील फुटबॉल आणि नेमबाजी यांमुळे मजकुराला कधीच तोटा नसतो. मात्र आढाव्यातील चुकांचे मूळही याच विपुलतेत आहे. रोजच्या बातमीतील चूक दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते. आढाव्यातील चूक मात्र कात्रण होऊन मंडळाच्या अहवालात, पुरस्काराच्या प्रस्तावात आणि पुढच्या वर्षीच्या आढाव्यात जाऊन बसते. त्यामुळे आढावा लिहायला घेताना आठवणी जागवण्यापेक्षा आपल्याच बातम्यांची फेरतपासणी करणे हे पहिले काम समजावे.

वर्ष आणि हंगाम यांची सरमिसळ

सर्वाधिक चुका फुटबॉलच्या आकडेवारीत होतात. कोल्हापूरचा फुटबॉल हंगाम पावसाळा सरल्यावर सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत चालतो, म्हणजे जानेवारी ते डिसेंबर या वर्षात एका हंगामाचा उत्तरार्ध आणि दुसऱ्या हंगामाची सुरुवात असे दोन तुकडे येतात. छत्रपती शाहू स्टेडियमवर मार्चमध्ये गोल करणारा खेळाडू पुढच्या हंगामात दुसऱ्या संघाकडून उतरलेला असू शकतो, कारण कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडे खेळाडूंची नोंदणी हंगामागणिक होते. अशा वेळी ‘या वर्षी पाटाकडील तालीम मंडळाकडून खेळताना सर्वाधिक गोल’ असे लिहून दोन्ही संघांकडून केलेल्या गोलांची बेरीज दिली, तर वाक्य, आकडा आणि संघ यांपैकी एकाचाही दुसऱ्याशी मेळ राहत नाही. आढावा वर्षाचा की हंगामाचा हे शीर्षकाखालीच स्पष्ट करावे, आणि वर्षाचा असेल तर प्रत्येक आकड्यासमोर हंगाम लिहावा. जागा थोडी जास्त जाते, पण त्याला इलाज नाही.

याच प्रकरणातील दुसरी चूक टायब्रेकरची, म्हणजे बरोबरीनंतरच्या पेनल्टी फटक्यांची आहे. पूर्णवेळेत १-१ अशी बरोबरी झाली आणि टायब्रेकरमध्ये एक संघ ४-३ असा जिंकला, की दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यात कधी ४-३ येते, तर कधी दोन्ही आकडे मिळवून ५-४ येते. घाईच्या बातमीत हे खपून जाते. आढाव्यात मात्र अशा पाच-सहा सामन्यांची बेरीज झाली, की संघाचे एकूण गोल आणि खेळाडूंच्या नावावरील गोल यांत मोठी तफावत पडते. नियम सरळ आहे : सामन्याची नोंद बरोबरी अशीच राहते, टायब्रेकर फक्त पुढे कोण जाणार किंवा चषक कोणाचा एवढेच ठरवतो, आणि त्यातील गोल ना संघाच्या गोलसंख्येत धरले जातात, ना खेळाडूच्या. जादा वेळेतील गोल मात्र धरले जातात. जुन्या बातम्यांतून आकडे उचलताना मथळ्यावर विसंबू नये. मजकुरात कितव्या मिनिटाला कोणी गोल केला हे वाचून प्रत्येक गोलाची वेगळी नोंद करावी. मिनिट दिलेले नसेल तर तो गोल तूर्त बाजूला ठेवावा आणि सामन्याच्या अधिकृत नोंदीतून पडताळावा. ‘सामनावीर’ आणि ‘लढवय्या’ या बक्षिसांची मोजदादही अशीच करावी, कारण ही नावे शेवटच्या ओळीत येतात आणि जागेअभावी सर्वप्रथम तीच कापली जातात.

किताब, पदक आणि निवड

कुस्तीच्या आढाव्यात एकच शब्द चुकला तर तालमीतून फोन येतो, आणि तो येणे रास्तही असते. महाराष्ट्र केसरी स्पर्धेत वेगवेगळ्या वजन गटांतील राज्य अजिंक्यपदाच्या लढती होतात. किताबाची लढत त्याहून वेगळी असून माती विभाग आणि गादी विभाग यांतील विजेते तिच्यात समोरासमोर येतात. तरीही एखाद्या वजन गटात सुवर्ण मिळवलेल्या मल्लाला आढाव्यात सरसकट ‘महाराष्ट्र केसरी’ करून टाकले जाते. त्या मल्लाची कामगिरी मुळात मोठी असते, तिला दुसऱ्याचा किताब चिकटवायची गरज नसते. शिवाय अलीकडे कोणत्या संघटनेची स्पर्धा हे लिहिणेही अपरिहार्य झाले आहे. २०२५ मध्ये अहिल्यानगर शहरात आणि त्याच जिल्ह्यातील कर्जतमध्ये वेगवेगळ्या संघटनांच्या छत्राखाली दोन महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाल्या आणि दोन विजेते ठरले. आढाव्यात केवळ ‘यंदाचा महाराष्ट्र केसरी’ असे लिहिले, तर वाचकाला कोणता मल्ल अभिप्रेत आहे हे कळणारच नाही. ठिकाण आणि आयोजक संघटना या दोन गोष्टी दिल्या की प्रश्न मिटतो. कोणती संघटना खरी याचा निवाडा आढाव्यात करू नये.

निकालाचा प्रकारही जपून लिहावा. फ्रीस्टाइल कुस्तीत दहा गुणांची आघाडी झाली की तांत्रिक गुणाधिक्याने लढत तिथेच थांबते; ही कुस्ती चितपट नव्हे. दोन्ही खांदे टेकले तरच चितपट. मातीवरील मैदानात कुस्ती घिस्सा डावावर निकाली झाली, गुणांवर झाली की पंचांनी बरोबरीत सोडवली, हे त्या दिवशीच्या वहीत नसेल तर डिसेंबरमध्ये आठवून लिहू नये, कारण गर्दीत हलगीच्या कडकडाटात बसलेल्या दहा जणांना विचारले तर दहा डाव ऐकायला मिळतात.

कुस्ती मैदानांच्या, म्हणजे इनामावर होणाऱ्या जाहीर कुस्त्यांच्या बाबतीत इनामाचे आकडे ही आणखी एक मेख आहे. जाहिरातीच्या फलकावरील रक्कम ही जाहीर झालेली रक्कम असते. कुस्ती बरोबरीत सुटली तर इनाम विभागून दिले जाते, काही वेळा देणगीदार आयत्या वेळी वाढीव बक्षीस पुकारतो, तर काही वेळा जोडच बदलते. त्यामुळे ‘वर्षातील सर्वांत मोठ्या इनामाची कुस्ती’ असे लिहायचे असेल तर ‘जाहीर इनाम’ असे स्पष्ट लिहावे, अथवा तो मुद्दाच सोडून द्यावा. माझ्या मते सोडलेलाच बरा. खासबागेसारख्या मैदानात लोक कुस्ती बघायला येतात, धनादेश मोजायला नव्हे.

शालेय क्रीडा स्पर्धांत वेगळाच गोंधळ होतो. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील गटांच्या स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी वर जातात आणि प्रत्येक पायरीवर शाळेकडून एक प्रसिद्धिपत्रक येते. ऑगस्टमध्ये ‘विभागीय स्पर्धेसाठी निवड’ अशी बातमी छापली जाते, पुढचा निकाल कोणी कळवत नाही, आणि डिसेंबरमध्ये तोच विद्यार्थी ‘विभागीय पातळीवर चमकलेला’ म्हणून आढाव्यात येतो. निवड, सहभाग आणि पदक या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘आंतरराष्ट्रीय सुवर्ण’ अशी पत्रके तर दुप्पट सावधपणे वाचावीत : स्पर्धा कोणत्या महासंघाची, तो महासंघ मान्यताप्राप्त आहे का, गटात स्पर्धक किती होते, हे विचारल्यावर उत्तर टाळले गेले तर ती ओळ आढाव्यात घेऊ नये. राज्यात खेळाडूंसाठी शासकीय नोकरीत पाच टक्के आरक्षण असल्याने अशा कात्रणांचा उपयोग पुढे कोठे होऊ शकतो, याची जाण वार्ताहराला असायला हवी. पालक फोनवर म्हणतात, “साहेब, पोराचं नाव तेवढं राहिलं बघा.” त्यांच्यावर रागावण्याचे कारण नाही, त्यांच्याकडे निकालपत्र मागावे आणि ते आले तर नाव घालावे.

नियम बदलल्यानंतरची तुलना

१ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक जिंकले, तेव्हापासून जिल्ह्यातील प्रत्येक नेमबाजाचे गुण त्याच्या गुणांशेजारी ठेवण्याची सवय लागली आहे. ही तुलना करताना कोणते गुण हे आधी बघावे. पात्रता फेरीत त्याने ५९० गुण मिळवले. तिथे गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभे राहून अशा तिन्ही पवित्र्यांत मिळून साठ फैरी असतात आणि पूर्णांकात मोजणी होते, म्हणजे कमाल गुण ६००. अंतिम फेरीतील ४५१.४ हे गुण दशांशात मोजलेले आहेत. त्या फेरीत स्पर्धक टप्प्याटप्प्याने बाद होत गेले, त्यामुळे तिसऱ्या क्रमांकाचा नेमबाज ४४ फैरींवर थांबला आणि पहिल्या दोघांनी ४५ फैरी झाडल्या. याचाच अर्थ, सुवर्ण आणि कांस्य यांच्या एकूण गुणांतील फरकात एका संपूर्ण फैरीचा वाटा असतो. ‘इतक्या गुणांनी सुवर्ण हुकले’ हे वाक्य त्यामुळे चुकीचे ठरते. टोकियो ऑलिंपिकमध्ये याच प्रकाराची पात्रता फेरी १२० फैरींची, १२०० गुणांची होती. तेव्हाचे ११६० आणि आताचे ५८० यांची बरोबरी करताना निम्मी फेरी असे मनात गणित मांडू नये, कारण फैरी कमी झाल्या की दमछाक आणि लय दोन्ही बदलतात.

‘पहिला’ आणि ‘एकमेव’

आढाव्यात वर्षातील कामगिरीला जुन्या नावांचा आधार देण्याचा मोह होतो आणि तिथे ‘पहिला’ हा शब्द घात करतो. खाशाबा जाधव यांनी १९५२ मध्ये हेलसिंकीत जिंकलेले कांस्य हे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ‘भारताचे पहिले ऑलिंपिक पदक’ नव्हे, कारण हॉकीचे सुवर्ण १९२८ पासूनचे आहे. खाशाबा कऱ्हाड तालुक्यातील गोळेश्वरचे, म्हणजे सातारा जिल्ह्यातील. कोल्हापूरशी त्यांचे नाते राजाराम महाविद्यालयाचे आणि इथल्या तालमीचे. तेही पुरेसे जवळचे आहे, जन्मगाव बदलायची गरज नाही. कोल्हापूरचीच नेमबाज तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत ५० मीटर रायफल प्रोनमध्ये (झोपून नेमबाजी) विश्वविजेती ठरली. इथल्याच राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण घेतले. या दोघींच्या स्पर्धा आणि प्रकार आढाव्यांत सर्रास उलटसुलट छापले जातात.

हिशेब जुळत नसेल तर

दोन दैनिकांच्या बातम्यांत वेगवेगळे आकडे आले असतील तर बहुमत घेऊ नये. अनेकदा दोन्ही बातम्या एकाच पत्रकावरून झालेल्या असतात आणि तिसरी त्यांच्यावरून. मूळ नोंद शोधावी : फुटबॉलसाठी सामन्याची अधिकृत नोंद, गादीवरील कुस्तीसाठी गुणपत्रक, नेमबाजीसाठी आंतरराष्ट्रीय महासंघाची निकालपत्रे, शालेय स्पर्धांसाठी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाची यादी. मूळ नोंद मिळाली नाही तर आकडा गाळून घटना तेवढी लिहावी. एकाच आडनावाचे दोन खेळाडू एका संघात असतील तर वडिलांच्या नावाचे आद्याक्षर वर्षभर वहीत ठेवावे, डिसेंबरमध्ये ते शोधायला बसू नये.

मजकूर कधी द्यायचा हेही आधी ठरवून घ्यावे. आढावा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुरवणीसाठी गेला, तर त्याच महिन्यात वारणानगरला होणारे कुस्ती मैदान आणि नव्या फुटबॉल हंगामातील सामने त्यातून सुटतात, आणि पुढच्या वर्षीचा वार्ताहर ते मागील वर्षाचे म्हणून सोडून देतो. एक छोटी चौकट शेवटच्या तारखेपर्यंत मोकळी ठेवावी, किंवा मजकुराच्या खाली ‘अमुक तारखेपर्यंतच्या नोंदी’ असे छापावे.

महिला कुस्ती, दिव्यांग खेळाडू आणि जलतरण यांच्यासाठी शेवटी उरलेल्या चार ओळी ठेवणे हीही चूकच आहे, मात्र तिचे मूळ वर्षभरातच असते. ज्या खेळाच्या बातम्याच झाल्या नाहीत, त्याचा आढावा कात्रणांतून निघत नाही. त्यासाठी प्रशिक्षकांना स्वतंत्रपणे फोन करावे लागतात आणि नोव्हेंबर संपण्यापूर्वी करावे लागतात.

प्रसिद्धीनंतर चूक दाखवली गेली तर दुरुस्ती त्याच पानावर, त्याच जागी द्यावी आणि संकेतस्थळावरील मजकुरातही ती करावी. कार्यालयाच्या संग्रहातील प्रतीवर दुरुस्तीची तारीख टाकून तिथे पाहणाऱ्याला नवा आकडाच दिसेल असे बघावे, कारण पुढच्या डिसेंबरमध्ये सर्वांत आधी तीच प्रत उघडली जाते.