फुकट फाईलच्या बाजारात पोट कसं भरायचं

वाढदिवसाच्या बॅनरची फाईल आता कोल्हापुरात कोणी विकत घेत नाही. टेलिग्रामच्या ग्रुपवर हजारो सीडीआर आणि पीएसडी, म्हणजे कोरल ड्रॉ आणि फोटोशॉपच्या तयार फाईली, पडलेल्या असतात. फोटो बदला, नाव बदला, खाली 'भावी नगरसेवक' टाका, झालं काम. लग्नपत्रिकेचं तेच, क्लासच्या जाहिरातीचं तेच. त्यात आता मोबाईलला दोन ओळी सांगितल्या की चित्रसुद्धा तयार. लक्ष्मीपुरीतल्या माझ्या दुकानात रोज कोणीतरी फोन पुढं धरून म्हणतं, "डिझाइन आहे आमच्याकडं, तेवढं सेट करून द्या."

हे ऐकून कपाळाला हात लावणारे आमच्या धंद्यात भरपूर आहेत. मी ब्रशवर वाढलेला माणूस. फ्लेक्स येताना बघितलं, आता हे बघतोय. काही वर्षांपासून मी माझ्याच फाईली फुकट वाटतो आणि दुकान बंद पडलेलं नाही. पेंटर, डीटीपीवाले, पत्रिकावाले आणि कलेचा कोर्स करून नुकतीच बाहेर पडलेली पोरं, यांनी हे कसं करावं ते लिहितो.

आधी फुकट काय झालंय ते ओळखा

फाईल फुकट झाली. बाकी काहीच झालेलं नाही. दहा बाय आठचा बॅनर म्हणजे 80 चौरस फूट फ्लेक्स, शाई, चौकट, बांबू, तार आणि रात्री शिडी धरायला दोन पोरं. बिंदू चौकात बॅनर लावायची जागा होती तेवढीच आहे. दसरा चौकातून जाणारा गाडीवाला मान वर करतो ती पुढची गाडी हलेपर्यंत. फाईली हजारपटीनं वाढल्या म्हणून भिंती वाढल्या नाहीत, की बघणाऱ्याला आणखी दोन डोळे फुटले नाहीत. ज्याची कॉपी निघत नाही तिकडं पैसा सरकतो. आपण त्याच्या मागं सरकायचं.

असं पहिल्यांदाच होतंय असंही नाही. राजा रविवर्म्यानं 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढं तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तोवर लक्ष्मी-सरस्वतीची तैलचित्रं संस्थानिकांच्या दिवाणखान्यात असायची. छापील प्रती निघाल्या आणि तीच लक्ष्मी साध्या घरातल्या देव्हाऱ्यात येऊन बसली. चित्र दारोदार गेलं तशी त्याला चौकट लागली, काच लागली. छापखाना मात्र कर्जात गेला आणि तिथल्याच जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. ज्यानं मुबलकता आणली त्याच्याच पदरात पैसा पडेल याची खात्री नसते, हे फाईल वाटायच्या आधी डोक्यात पक्कं असू द्या.

फ्लेक्स आलं तेव्हा आमच्यात जे फक्त कापडी बॅनर आणि सिनेमाचे बोर्ड रंगवत होते ते उठले. जे शटर, भिंती, ट्रकच्या पाट्या करत होते ते टिकले. हुशारीत फरक नव्हता. एकाचं काम सपाट होतं, मशिनला जमणारं. दुसऱ्याचं काम जागेवर जाऊन करायचं होतं.

कपाटातल्या जुन्या कामांचे तीन ढीग करा

पहिला ढीग दुसऱ्याच्या मालाचा. गिऱ्हाइकानं दिलेले फोटो, कंपन्यांचे लोगो, कुठून तरी उतरवलेल्या देवाच्या चित्रांचे तुकडे. हे वाटायचा तुम्हाला अधिकार नाही. इथं एक कायदा फार जणांना माहीत नसतो. कॉपीराइट कायदा 1957, कलम 17. पैसे देऊन करून घेतलेलं पेंटिंग, व्यक्तिचित्र किंवा फोटो असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक पैसे देणारा असतो. म्हणजे मंडळानं पैसे मोजून पेंटिंग काढून घेतलं आणि तुम्ही काहीच लिहून ठेवलं नाही, तर ते मंडळाचं. तेव्हा बिलावर एक ओळ छापून घ्या: 'या कामाचे कॉपीराइट हक्क चित्रकाराकडे राहतील, ग्राहकाला वापराची परवानगी आहे.' त्यावर गिऱ्हाइकाची सही घ्या. सही घेताना थोडं अवघडतं, पण एकदाच. हक्क विकले तरी 'हे काम माझं आहे' म्हणायचा अधिकार कलम 57 प्रमाणं तुमच्याकडंच राहतो.

दुसरा ढीग जे सगळ्यांचंच झालंय त्याचा. आपल्याकडं चित्रकाराच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या चित्रावर त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षं कॉपीराइट चालतो, मग ते मोकळं. रविवर्मा 1906 ला गेले. महादेव विश्वनाथ धुरंधर आपल्या कोल्हापुरात जन्मले, 1944 ला गेले. बाबूराव पेंटर 1954 ला. तिघांचाही हिशेब पुरा झालाय. धुरंधरांनी काढलेल्या बायकांच्या नेसणीच्या तऱ्हा एकदा बघा आणि मग टेलिग्रामवरच्या त्या चकाकणाऱ्या नऊवाऱ्या बघा. फुकटच घ्यायचं तर चांगलं घ्या की.

तिसरा ढीग तुमच्या हातचा. त्यातलं जे पुन्हा पुन्हा लागतं ते वाटायचं: किनारी, महिरपी, तोरणं, कोपरे, मंगलकलश, मावळ्याची आकृती, पत्रिकेचे साचे. एखाद्या दुकानासाठी, एखाद्या घरासाठी केलेलं असेल ते नाही.

द्यायचीच तर नीट द्या

वाटलेल्या फाईलीत एक चूक राहिली की ती गावभर होते. शिवजयंतीचे बॅनर बघा. राजमुद्रेत 'प्रतिपच्चंद्रलेखेव'चं 'प्रतिपश्चंद्र' झालेलं असतं, 'वर्धिष्णुर्विश्ववंदिता'मधला रफार उडालेला असतो, 'शाहसूनोः'चा विसर्ग तर बहुतेक ठिकाणी गायब. कोणीतरी एकदा चुकीचं टाइप केलं, फाईल फिरली, आणि आता रंकाळ्यापासून कावळा नाक्यापर्यंत तीच चूक सोनेरी अक्षरांत. महाराजांच्या फोटोखाली! मी ती मुद्रा पुस्तकाशी अक्षर-अक्षर लावून घेतली, प्रत्येक जोडाक्षर मोठं करून तपासलं आणि ती फाईल सोडून दिली. त्या एका फाईलीनं मला जेवढी गिऱ्हाइकं आणली तेवढी कुठल्या जाहिरातीनं आणली नाहीत. शाळा, तालमी, एक-दोन पतसंस्था. सगळे एकच विचारत आले, "ती बरोबर मुद्रेवाली फाईल तुमचीच का?"

नाथांनी हेच काम केलं होतं. ज्ञानेश्वरी हातानं उतरवत उतरवत तीनशे वर्षं फिरली, पाठ बिघडले. एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, प्रती ताडून शुद्ध पाठ तयार केला आणि मध्ये स्वतःच्या ओव्या घुसडू नका असं बजावलं. प्रती भरमसाट झाल्या की बरोबर प्रत कोणती हे सांगणारा माणूस लागतो. आपल्या धंद्यात ही जागा रिकामीच आहे.

आता तांत्रिक. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशिनला वाचता येईल अशा अक्षरांत टाइप करा. जुन्या फॉन्टातला मजकूर दुसऱ्याच्या मशिनवर उघडला की 'श्री गणेशाय नमः'चं भलतंच काहीतरी होतं. प्रत्येक डिझाइनच्या दोन फाईली ठेवा, एक मजकूर बदलता येणारी आणि एक कर्व्हमध्ये केलेली, म्हणजे अक्षरांचे आकार करून टाकलेली, फॉन्ट नसला तरी न बिघडणारी. सीडीआर खालच्या व्हर्जनला सेव्ह करा, कारण फ्लेक्सवाल्यांकडं जुनंच सॉफ्टवेअर असतं. सोबत पीडीएफ आणि एसव्हीजी (कितीही मोठी केली तरी न फाटणारी फाईल) द्या. रंग सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या हिशेबात.

फॉन्टसाठी चोरी करायची गरजच नाही. मुक्ता, बालू, मोदक हे 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सवर, म्हणजे फुकट वापराच्या परवान्यावर आहेत. गिऱ्हाइकाच्या कामात बिनधास्त वापरा, नुसता फॉन्ट तेवढा विकू नका. 'यात्रा वन' मुंबई लोकलच्या हातानं रंगवलेल्या पाट्यांवरून घेतलाय. कुण्या पेंटरनं फलाटावर उन्हात काढलेलं वळण आज जगात कोणीही टाइप करतं. मला ते बघून बरंही वाटतं आणि त्या पेंटरला काय मिळालं असंही वाटतं.

फाईलवर लायसन्स लिहा. क्रिएटिव्ह कॉमन्सची लायसन्सं, म्हणजे आपलं काम दुसऱ्यानं कसं वापरायचं ते सांगणारे तयार परवाने, 2002 पासून आहेत. 'सीसी बाय' म्हणजे नाव द्या आणि काहीही करा. 'सीसी बाय-एसए' म्हणजे नाव द्या आणि तुम्ही केलेला बदलही असाच मोकळा ठेवा. 'एनसी' म्हणजे धंद्यासाठी वापर नको. माझा सल्ला, एनसी लावू नका. आपली फाईल गावोगाव नेणारा फ्लेक्सवालाच असतो आणि तो धंदाच करतो. मी किनारी-महिरपींना सीसी बाय लावतो आणि राजमुद्रेसारख्या गोष्टींना सीसी झिरो, म्हणजे नावही नको, सगळा हक्क सोडला, कारण ती मुद्रा माझी थोडीच आहे. दिलेलं लायसन्स परत घेता येत नाही, तेव्हा रात्री झोपून सकाळी ठरवा.

एसव्हीजी आणि पीडीएफ विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या मोकळ्या फाईलींच्या साठ्यावर चढवा. तिथं तुमचं नाव, तारीख आणि लायसन्स नोंदलेलं राहतं. पुढं कोणी 'हे माझं' म्हणालं तर दाखवायला ते पान असतं.

पैसे कशाचे घ्यायचे

जागेवर जाण्याचे. शाहूपुरीतल्या एका गुळाच्या व्यापाऱ्यानं फोनवरचं नाव दाखवून तेच शटरवर मागितलं. शटरला आडव्या पट्ट्या असतात. फाईल प्रोजेक्टरनं टाकून जशीच्या तशी रंगवली तर शिरोरेघ दोन पट्ट्यांच्या खाचेत जाते आणि लांबून अक्षरं डोकं उडाल्यासारखी दिसतात. म्हणून आधी पट्ट्या मोजायच्या, शिरोरेघ एका पट्टीच्या फुगीर भागावर पूर्ण बसवायची, वेलांट्या वर किती पट्ट्या जाणार ते ठरवायचं, अक्षर थोडं उंच ओढायचं. खडूच्या भुकटीत बुडवलेली दोरी ताणून झटका मारला की रेघ उठते, मग रंग. हे कुठल्या फाईलीत नसतं. त्याचे पैसे मी चौरस फुटावर लावत नाही, कामावर लावतो आणि निम्मे आधी घेतो.

विचारण्याचेही पैसे आहेत. गिऱ्हाइकाला काय हवंय हे त्यालाच माहीत नसतं. अर्धा तास बसवून दुकान कोणासाठी, कुठल्या रस्त्यावर, बोर्ड किती लांबून दिसणार हे काढून घ्या. आता लोक मशिननं केलेली पाच-सहा चित्रं घेऊन येतात, त्यांना नाकं मुरडू नका. त्यातून निवडायला बसा. त्याला काय आवडतं हे पटकन कळतं. त्या चित्रांतली मराठी अक्षरं मात्र एकेक करून तपासा. मशिनची जोडाक्षरं अजून बिघडतात आणि गिऱ्हाइकाला ते बोर्ड लागल्यावरच दिसतं.

आणि नाव. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये जीआय, म्हणजे त्या भागाच्या नावाचा हक्क मिळाला, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांना मिळून. त्यानं नाव राखलं जातं, आकार नाही. जून 2025 मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं तशाच चपला आणल्या, आरडाओरडा झाल्यावर प्रेरणा कुठली ते मान्य केलं. आकार कोणीही उचलतो. 'कोल्हापुरी' म्हणायचं तर या आठ जिल्ह्यांत यावं लागतं. आपल्या दुकानाचं नावही असंच जपायचं: एखादं वाईट काम नाकारलं तरी चालेल, पण त्यावर आपली सही नको.

पोरं कुठं शिकणार

याचं उत्तर माझ्याकडं अर्धंच आहे. आमच्या वेळी पोरगा आधी डबे धुवायचा, मग पार्श्वभूमी भरायचा, मग बारीक अक्षरं. आता ती बारीक कामंच फुकट झाली. वाढदिवसाच्या बॅनरवर हात बसायचा तो कशावर बसणार? मुबलकतेचं कौतुक करणारे यावर गप्प असतात. दुकानाचं भाडं आणि पोराचा पगार कॉपी-पेस्ट होत नाही.

मी एवढं करतो: वाटायच्या फाईली पोरांकडून करून घेतो, फाईलीत त्यांचंच नाव टाकतो आणि त्या वेळेचा पगार देतो. जाहिरातीचा खर्च म्हणून धरला तर तो जड नाही. शटरचं काम असलं की त्यांना घेऊन जातो आणि दोरी त्यांच्या हातात देतो. दोघा-तिघांनी मिळून केलं तर अजून सोपं जातं. उद्यमनगरातले कारखानदार नाही का एकमेकांकडं जॉब पाठवत, तसं.

फाईली सोडायची वेळ पाळा. गणपतीच्या फाईली श्रावण लागायच्या आत सोडा. भाद्रपदात कोणी शोधत बसत नाही, हाताला लागेल ती उचलतात. शिवजयंतीच्या जानेवारीतच. आणि दुकानाचं नाव फाईलीत टाकताना किनारीच्या नक्षीतच बारीक गुंफा. खाली वेगळी पट्टी करून टाकलं की फ्लेक्सवाला पहिल्यांदा तीच कापतो.