जोडीचं कुत्रं गेल्यावर मागं राहिलेल्याला कसं सांभाळावं

आधी ताप बघा. दुःखाचं नंतर बघू.

तासगावजवळच्या आमच्या मळ्यावर आजवर कुत्र्यांच्या चार जोड्या झाल्या. एक गेलं की येणारा-जाणारा ठरलेलं वाक्य बोलतो, "जोडीचं गेलंय, झुरतंय बिचारं. येईल आठ दिवसांत ताळ्यावर." झुरतात, त्यात खोटं काही नाही. इटलीतल्या ४२६ कुत्रेमालकांना विचारून २०२२ साली एक अभ्यास छापून आला. त्यातल्या ८६ टक्के लोकांना मागं राहिलेल्या कुत्र्याच्या वागण्यात फरक दिसला होता, आणि खाणं कमी झाल्याचं साधारण तिसऱ्या हिश्श्यानं सांगितलं. पण खाणं सोडून कोपऱ्यात पडून राहणं हे गोचीड तापाचंही लक्षण आहे. मी फसलो ते इथंच.

खंड्या गोचीड तापानं गेला. त्यानंतर सोनी त्याच्या गोणपाटावरून उठेना, भाकरीला तोंड लावेना. मी चार दिवस तिच्या पाठीवरून हात फिरवत बसलो. चौथ्या दिवशी ओठ वर करून बघितला तर हिरड्या पांढऱ्याफटक. एका गोणपाटावर झोपणाऱ्या दोघांना गोचीड काय वेगवेगळे चावणार होते? सलाईन, महिनाभर गोळ्या, तेव्हा कुठं वाचली. म्हणून कुणी काही म्हणो, पहिल्याच दिवशी एवढं कराच.

थर्मामीटरच्या टोकाला खोबरेल लावून ते शेपटीखाली इंचभर आत घाला. कुत्र्याचं अंग आपल्यापेक्षा गरमच असतं, १०१ ते १०२.५ फॅरनहाइटला घाबरू नका. १०३ च्या वर गेलं की जनावरांच्या डॉक्टरकडं न्या. हिरडी अंगठ्यानं दाबून सोडा, दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला पाहिजे. कानांच्या आत आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड शोधा. नाकातून रक्त, काळी शी किंवा उलट्या असतील तर थर्मामीटर शोधत बसू नका, थेट दवाखाना गाठा. सगळं ठीक दिसतंय, पण दिवसभर पाणी नाही किंवा दोन दिवस अन्न नाही, तरीही दवाखानाच. पिल्लू असेल तर एक उपाशी दिवसही जास्त झाला. आणि घरातली तापाची गोळी मोडून देऊ नका, माणसाच्या गोळ्यांनी कुत्री मरतात. गोचीड गोठ्याच्या भिंतीच्या भेगांतही लपतात, तेव्हा औषध तिथंही मारा. पहिलं कुत्रं पार्व्होनं, म्हणजे कुत्र्यांच्या उलट्या-जुलाबाच्या सांसर्गिक रोगानं, गेलं असेल तर दुसऱ्याची लस कधी झाली ते बघा.

ताप नाही, हिरड्या गुलाबी? मग खरंच झुरतंय.

रोजच्याच वेळेला ताटली ठेवा, वीस मिनिटांनी उचला. कोंबडीचं बिनमिठाचं, बिनकांद्याचं कोमट पाणी भाकरीवर घातलं तर वासानं खातं. हातानं घास भरवू नका. मी एकीला भरवले, तर पुढं दोन महिने बाईसाहेब ताटलीकडं बघेनात. आमच्या भागात आणखी एक खोड आहे, लाडानं मूठभर बेदाणे टाकायचे. द्राक्षं आणि बेदाण्यानं कुत्र्याची किडनी जाते, चार दाणेही नकोत. बेदाण्याचा शिरासुद्धा नको.

गेलेल्याचं गोणपाट लगेच धुऊ नका. गोचीड निघाले किंवा रोग सांसर्गिक होता, तर मात्र जाळा. फिरायची वेळ तीच ठेवा. रात्री विव्हळलं तर ओरडू नका आणि बिस्कीटही देऊ नका. उठून बांधापर्यंत एक चक्कर मारून आणा.

"दुसरं पिल्लू आणा की," हे तेराव्याच्या आतच ऐकू येतं. आणू नका. मागचं नीट खायला लागलं, हाक मारल्यावर शेपूट हलवायला लागलं, की मग विचार करा. म्हातारं असेल तर त्याला पिल्लाचा दंगा सोसत नाही. आणायचंच ठरलं तर दोघांची पहिली भेट फाटकाबाहेर रस्त्यावर घडवा, आणि ताटल्या पहिल्या दिवसापासून वेगळ्या ठेवा.