जीआरईसाठी अस्सल वळणाची सराव परीक्षा कशी निवडावी

आधी स्वरूप तपासावे. जीआरई ही पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठीची परीक्षा सप्टेंबर २०२३ पासून सुमारे एक तास अठ्ठावन्न मिनिटांची झाली असून तीत एक निबंध, शाब्दिक क्षमतेचे दोन आणि गणिताचे दोन विभाग असतात. त्याआधीच्या, जवळपास दुप्पट लांबीच्या चाचणीतले सुटे प्रश्न सरावाला चालतात; वेळेचे गणित मात्र तिच्यावर बसवू नये. दुसऱ्या विभागाची काठिण्यपातळी पहिल्यातील कामगिरीवर ठरत असल्याने, पीडीएफमधल्या चाचणीवरून गुणांचा अंदाज बांधण्यातही अर्थ नाही.

खरी अडचण पुढे आहे, ती म्हणजे प्रश्नांचा दर्जा ओळखणे. मलाही हे बराच काळ साधत नव्हते. 'आमची चाचणी परीक्षेपेक्षा अवघड आहे, म्हणून प्रत्यक्ष परीक्षा सोपी जाईल' ही जाहिरात सर्रास दिसते आणि ती साफ दिशाभूल करणारी आहे, कारण अवघडपणाचे प्रकार वेगवेगळे असतात. समजा, x² = १६ असे दिले आहे आणि x व ४ यांची तुलना करायची आहे; घाईत 'दोन्ही समान' असे उत्तर दिले जाते, पण x उणे ४ही असू शकत असल्यामुळे दिलेली माहिती अपुरी ठरते. येथे आकडेमोड जवळजवळ नाही, कस लागतो तो विचाराचा. याउलट, निकृष्ट चाचण्या लांबलचक गुणाकार घालून प्रश्न 'कठीण' करतात, आणि तेही गणिताच्या विभागात पडद्यावर कॅल्क्युलेटर उपलब्ध असताना!

म्हणून चाचणी विकत घेण्यापूर्वी तिचे नमुन्याचे प्रश्न सोडवून चुकीचे पर्याय बारकाईने वाचावेत. प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे विद्यार्थ्याची एखादी संभाव्य चूक दिसली पाहिजे. उताऱ्यावरील प्रश्नात तर बरोबर उत्तराचा आधार उताऱ्यातील ओळीवर बोट ठेवून दाखवता आला पाहिजे. दोन पर्यायांवर तितक्याच जोराने वाद घालता येत असेल, तर दोष तुमचा नसून प्रश्न लिहिणाऱ्याचा आहे, असे खुशाल समजावे. स्पष्टीकरणात फक्त बरोबर उत्तराचे समर्थन असेल आणि बाकीचे पर्याय का चुकले याविषयी अवाक्षर नसेल, तर तो संच बाजूला ठेवावा.

परीक्षा घेणाऱ्या ईटीएस या संस्थेच्या 'पॉवरप्रेप' या अधिकृत सरावसंचातील दोन चाचण्या विनामूल्य आहेत. त्यांतील एक तयारीच्या आरंभी द्यावी आणि दुसरी शेवटच्या आठवड्यांसाठी अस्पर्श ठेवावी. पुन्हा सोडवताना प्रश्न ओळखीचे झालेले असतात आणि गुण फुगतात. मधल्या काळात इतरांच्या चाचण्या वेळेच्या सरावासाठी वापराव्यात, पण त्यांचे गुण पॉवरप्रेपशी जुळले नाहीत, तर पॉवरप्रेपचेच प्रमाण मानावेत.